औषध देताना येणारा व्यत्यय शिकवला पाहिजे

नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच विद्यार्थिनींना औषध देण्याचे नियम शिकवले जातात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ आणि योग्य नोंद. तोंडी परीक्षेत हे नियम जवळजवळ प्रत्येकीला न अडखळता सांगता येतात. प्रात्यक्षिकातही, समोर एकच ट्रे आणि एकच पुतळा असताना, अँपूलवरचे (इंजेक्शनच्या बंद कुपीवरचे) नाव तीनदा वाचून दाखवण्यात फारशी कुणी चुकत नाही. नर्सिंग ट्यूटर म्हणून काम करताना माझे मत हळूहळू असे झाले आहे की, वॉर्डात औषधाच्या ज्या चुका होतात त्यांतल्या फार थोड्या या नियमांच्या अज्ञानातून होतात. बहुतेक चुका नियम माहीत असलेल्या, हुशार आणि मनापासून काम करणाऱ्या मुलींच्या हातून होतात, कारण नियम पाळायला जी सलग दोन मिनिटे लागतात तीच त्यांना मिळत नाहीत. म्हणून औषध-सुरक्षेचे सिम्युलेशन, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून सराव, घ्यायचा असेल तर त्यात औषध देण्याच्या कृतीइतकाच त्या कृतीत येणारा व्यत्ययही शिकवला पाहिजे.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या दोन रुग्णालयांमध्ये संशोधकांनी ९८ परिचारिकांच्या मागे उभे राहून ४,२७१ वेळा औषध देताना काय घडते याची नोंद केली. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक वेळा परिचारिकेचे काम मध्येच तोडले गेले होते, आणि प्रत्येक व्यत्ययामागे कार्यपद्धतीतील चुका सुमारे १२ टक्क्यांनी, तर औषध, मात्रा किंवा मार्ग यांतल्या चुका सुमारे १३ टक्क्यांनी वाढत होत्या. त्याआधी १९९५ मध्ये बॉस्टनमधील दोन रुग्णालयांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती, जी मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. डॉक्टरांनी औषध लिहिण्याच्या टप्प्यावर झालेल्या चुकांपैकी ४८ टक्के चुका पुढे फार्मसिस्ट, परिचारिका किंवा आणखी कुणाच्या तरी लक्षात येऊन वेळीच अडवल्या गेल्या. प्रत्यक्ष औषध देण्याच्या टप्प्यावर झालेली एकही चूक अडवली गेली नाही. कारण उघड आहे. परिचारिकेच्या पुढे फक्त रुग्ण असतो. तिच्या हातातून सुटलेले औषध तपासणारे दुसरे कुणी उरलेले नसते.

पुतळ्यावर शिकण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेतील हार्टफर्डच्या रुग्णालयाने १९११ मध्ये आपल्या परिचारिका विद्यालयासाठी मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाच्या आकाराचा पुतळा करून घेतला, आणि काही वर्षांतच त्याच्या दंडात इंजेक्शन देण्याची सोयही आली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ पासून लागू केलेल्या सत्र पद्धतीच्या बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशनला अधिकृत स्थान मिळाले, आणि त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी महागडे मॅनिकिन खरेदी केले. ही खरेदी चांगलीच आहे. पण श्वास घेणारा आणि डोळे मिटणारा मॅनिकिन बंद, शांत, वातानुकूलित खोलीत ठेवून एका वेळी एका मुलीला एकच इंजेक्शन द्यायला लावले, तर तो सराव हाताच्या कौशल्याचा होतो, सुरक्षेचा नव्हे. इंजेक्शन टोचण्याचे कौशल्य आवश्यक आहे आणि ते आधीच यायला हवे. सिम्युलेशनची खरी गरज त्याच्या पुढे सुरू होते.

आम्ही घेतो त्यांपैकी एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यातील धोका आपल्या वॉर्डांतला रोजचा आहे. पोटॅशियम क्लोराइडचे दहा मिलिलिटरचे प्लास्टिकचे अँपूल आणि इंजेक्शन विरघळवण्यासाठी वापरतात त्या निर्जंतुक पाण्याचे दहा मिलिलिटरचे प्लास्टिकचे अँपूल शेजारी ठेवून पाहा. आकार तोच, पारदर्शकपणा तोच, आतला द्रव पाण्यासारखाच, आणि नाव प्लास्टिकवर उठवलेले किंवा बारीक अक्षरांत छापलेले. पहिल्यात २० एमईक्यू (क्षार मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. ते सलाईनमध्ये मिसळून काही तासांत सावकाश दिले तर औषध आहे. अँटिबायोटिकच्या व्हायलमधली (रबरी बुचाच्या बाटलीतली) पावडर त्यानेच विरघळवून थेट शिरेत दिली, तर हृदय थांबू शकते.

प्रसंग संध्याकाळच्या पाळीचा असतो. पुरुष मेडिसिन वॉर्ड, सहा खाटा, त्यांपैकी दोनच खाटांवर पुतळे आणि बाकीच्यांवर वरच्या वर्गातले विद्यार्थी रुग्ण म्हणून झोपलेले. एका रुग्णाला ५०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये २० एमईक्यू पोटॅशियम चार तासांत द्यायचे आहे, आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन एक ग्रॅम (हे अँटिबायोटिक आहे) शिरेतून. विद्यार्थिनीने आधी रुग्णाला लघवी होते आहे का हे पाहणे, एक अँपूल म्हणजे २० एमईक्यू हे ओळखणे, ताशी १२५ मिलिलिटर म्हणजे एका मिलिलिटरला वीस थेंब पडणाऱ्या सेटवर मिनिटाला साधारण ४२ थेंब हा हिशेब करणे, औषध घातल्यावर बाटली उलटसुलट करून नीट मिसळणे, कारण टांगलेल्या बाटलीत वरून घातलेले पोटॅशियम तळाशी साचून एकदम रुग्णाच्या शरीरात जाऊ शकते, आणि बाटलीवर लेबल लावणे, एवढे अपेक्षित असते. हे सगळे तिला येते. मग ती सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची व्हायल उघडते, आणि पाण्याच्या अँपूलकडे हात जाणार इतक्यात आमचा व्यत्यय येतो. नातेवाइकाची भूमिका करणारा विद्यार्थी दारातून येऊन म्हणतो, "सिस्टर, आमच्या पेशंटची सलाईन संपली, नळीत रक्त चढतंय, जरा बघता का?" त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजतो आणि प्रयोगशाळेतून तिसऱ्याच रुग्णाचा रिपोर्ट सांगितला जातो. ट्रेमध्ये दोन्ही प्रकारची अँपूल एकत्र ठेवलेली असतात, कारण कित्येक वॉर्डांत ती तशीच ठेवलेली असतात.

पुढे काय होते याचा मला आता अंदाज येतो. काही जणी फोन खांद्याला लावून अँपूल तोडतात. काही जणी नातेवाइकाबरोबर जातात आणि परत आल्यावर जिथे काम सोडले होते तिथूनच पुढे सुरू करतात. हीच सगळ्यात धोक्याची सवय आहे, कारण आपण कुठवर आलो होतो याविषयीची आठवण अशा वेळी फार खात्रीची वाटते आणि ती चुकीची असू शकते. थोड्या जणी हातातले काम थांबवतात, अर्धवट तयार केलेले औषध बाजूला ठेवतात, नातेवाइकाला "दादा, एका मिनिटात येते, तोवर नळीची ही चाकी बंद करते" असे सांगून ड्रिप थांबवतात, आणि परतल्यावर ट्रीटमेंट शीट पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचतात. आम्हाला शिकवायची असते ती ही शेवटची कृती. व्यत्यय टाळता येत नाही हे मान्य करून, व्यत्ययानंतर नेहमी सुरुवातीपासून तपासायचे ही शिस्त हाताला लावायची असते. ती शिस्त सांगून लागत नाही. तीन-चार वेळा त्या गोंधळातून स्वतः गेल्यावरच लागते.

आणखी एका प्रसंगात व्यत्यय नसतो, पण साधनांची फसगत असते. आपल्याकडे इन्शुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळते: व्हायलमधले बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटर, आणि पेनमधले व काही व्हायलमधले १०० युनिट प्रति मिलिलिटर. सिरिंजही त्यानुसार दोन, लाल टोपणाची चाळीसची आणि केशरी टोपणाची शंभरची. रुग्णाने घरून आणलेल्या १०० च्या व्हायलमधून कुणी लाल टोपणाच्या सिरिंजने १२ च्या रेघेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला १२ ऐवजी ३० युनिट मिळतात. हे गणित फळ्यावर प्रत्येकीला सुटते. वॉर्डात मात्र ट्रेमध्ये लाल टोपणाचीच सिरिंज उपलब्ध असते, व्हायल नातेवाइकाच्या पिशवीतून येते, जेवणाची गाडी दारात उभी असते, आणि डोळा तीव्रतेच्या आकड्याऐवजी फक्त कंपनीचे नाव वाचतो. आम्ही या प्रसंगात केशरी सिरिंज मुद्दाम ठेवत नाही. ती मागून घेणे, ती येईपर्यंत थांबणे आणि उशिराची नोंद करणे, हेच योग्य उत्तर असते. 'थांबणे' हीसुद्धा परिचारिकेची कृती आहे, हे विद्यार्थिनींना पटायला बराच वेळ लागतो, कारण वॉर्डात त्यांची वाहवा नेहमी वेगासाठी होते.

तिसरा प्रसंग प्रसूतिकक्षातला. गरोदरपणातील झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट हे जीव वाचवणारे औषध आहे आणि ग्रामीण रुग्णालयांत ते बहुतेक वेळा परिचारिकेच्याच हातून दिले जाते. पण पुढचा प्रत्येक डोस देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: गुडघ्याचा रिफ्लेक्स मिळतो का (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय आपोआप उडतो का), श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, आणि लघवी ताशी किमान ३० मिलिलिटर होते आहे का. प्रसंगातील बाईचा रिफ्लेक्स मिळत नाही, म्हणजे औषध अंगात जास्त झाले असण्याची शक्यता आहे. डॉक्टर दुसऱ्या शस्त्रक्रियेत आहेत आणि फोनवर सांगतात, "चार तास झाले ना? मग देऊन टाका." इथे औषधाचे ज्ञान आणि ते ज्ञान वरिष्ठांसमोर उच्चारण्याचे धैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अगदी स्पष्ट दिसते. पुस्तकातले उत्तर माहीत असलेली मुलगी "बरं सर" म्हणते आणि फोन ठेवते. म्हणून आम्ही वाक्यच तयार करून देतो आणि ते मोठ्याने म्हणायला लावतो (त्यातले कॅल्शियम ग्लुकोनेट हा मॅग्नेशियमवरचा उतारा आहे): "सर, रिफ्लेक्स मिळत नाही, श्वास बारा आहेत. पुढचा डोस मी थांबवते आहे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवते आहे. आपण येऊन बघावे." पहिल्यांदा म्हणताना आवाज कापतो. दुसऱ्यांदा थोडा कमी कापतो. आपल्याकडच्या वॉर्डातली उतरंड पाहता, हे वाक्य पहिल्यांदा उच्चारण्याची जागा खऱ्या रुग्णाच्या उशाशी असू नये, असे मला मनापासून वाटते. या सत्रांना निवासी डॉक्टरांनाही बोलवावे असा माझा आग्रह असतो. ते आले की प्रसंगाचा रंगच बदलतो. फोनवरचा आदेश सिस्टरने परत वाचून दाखवला की आपल्याला त्याचा राग का येतो, याचा विचार ते स्वतःहून करू लागतात.

प्रसंग संपल्यावरची चर्चा हा सिम्युलेशनचा मुख्य भाग आहे. प्रसंग दहा-पंधरा मिनिटांचा असेल तर चर्चेला त्याच्या दुप्पट वेळ द्यावा. वेळापत्रकात ही वेळ दाखवणे कठीण जाते आणि पहिली कात्री तिच्यावरच चालते, याचे मला फार वाईट वाटते, कारण चर्चेविना झालेला प्रसंग मुलींच्या मनात फक्त भीती ठेवून जातो. चर्चेत "तू हे का केले नाहीस?" हा प्रश्न मी विचारत नाही. "अँपूल हातात घेतलेस तेव्हा तुझ्या डोक्यात काय चालले होते?" असे विचारले की खरी माहिती बाहेर येते. पाण्याची अँपूल नेहमी उजव्या कप्प्यात असतात, म्हणून तिने न पाहताच उजवीकडचे उचलले. फोन उचलला नाही तर इंचार्ज सिस्टर रागावतात, म्हणून तिने आधी फोन घेतला. नातेवाईक आवाज चढवतील अशी तिला धास्ती वाटली. यातले एकही कारण निष्काळजीपणाचे नाही, आणि प्रत्येक कारणावर काहीतरी उपाय करता येतो. या सत्रांना गुण देऊ नयेत आणि तिथे घडलेले बाहेर बोलले जाऊ नये, या दोन अटी मी सोडत नाही. परीक्षा वेगळी घ्यावी. जिथे गुण असतात तिथे मुली चूक लपवतात, आणि लपवलेली चूक शिकवता येत नाही.

लपवण्याचा हा मुद्दा वर्गापुरता मर्यादित नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात २०१७ मध्ये एका परिचारिकेने मिडाझोलम या गुंगीच्या औषधाऐवजी व्हेक्युरोनियम हे स्नायू लुळे पाडणारे औषध दिले आणि रुग्ण दगावली. औषधाच्या स्वयंचलित कपाटात मिडाझोलमच्या ब्रँडच्या नावाची पहिली दोन अक्षरे टाकून तिने औषध काढले होते, आणि व्हेक्युरोनियमची पहिली दोन इंग्रजी अक्षरेही तीच आहेत; त्या वेळी तिच्यासोबत शिकाऊ परिचारिका होती आणि तिच्याशी बोलणे चालू होते. व्हायलच्या टोपणावरचा इशारा तिच्या नजरेतून सुटला. चूक लक्षात येताच तिने ती स्वतः सांगितली. मार्च २०२२ मध्ये न्यायालयात तिला फौजदारी स्वरूपाच्या निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि पुढे तीन वर्षांची प्रोबेशनची शिक्षा झाली. त्या रुग्णाचे प्राण गेले, तिच्या कुटुंबाचे दुःख कशानेही भरून येणारे नाही. तरीही त्या खटल्यानंतर जगभरातल्या परिचारिकांना पडलेला प्रश्न मलाही पडतो: यापुढे चूक झाल्यावर ती स्वतःहून कोण सांगेल? आणि न सांगितलेल्या चुकीतून पुढच्या पाळीची परिचारिका काय शिकेल?

सिम्युलेशनने चुका खरोखर कमी होतात का, हे विचारणे रास्त आहे. अमेरिकेतील एका अतिदक्षता विभागातील प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयरोग अतिदक्षता विभागातील परिचारिकांना सिम्युलेशनने शिकवल्यावर औषध देण्यातील चुकांचे प्रमाण ३०.८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले आणि काही आठवड्यांनीही ते कमीच राहिले. ज्या दुसऱ्या विभागात तोच विषय व्याख्यानाने शिकवला, तिथे सुधारणा झाली नाही. मात्र दोन्ही विभाग मिळून फक्त २४ परिचारिका त्यात होत्या, म्हणून मी या आकड्यांवर मोठी इमारत उभी करणार नाही. अमेरिकेतील परिचारिकांना परवाना देणाऱ्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात क्लिनिकल तासांपैकी निम्मे तास सिम्युलेशनला दिल्यावरही विद्यार्थ्यांची तयारी कमी पडली नाही, असे दिसले. तिथे शिक्षक प्रशिक्षित होते आणि चर्चेला पुरेसा वेळ होता, ही अट त्या निष्कर्षाबरोबर वाचली पाहिजे. आपल्याकडे रुग्णांची वानवा नाही. क्लिनिकल तास कमी करण्यासाठी सिम्युलेशन वापरण्याची मला गरज वाटत नाही. वॉर्डात पाऊल ठेवण्यापूर्वीची तयारी म्हणून ते वापरावे.

सिम्युलेशनची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे तीस-चाळीस रुग्ण असतील, तर कोणतेही प्रशिक्षण तिला प्रत्येक औषध तीनदा वाचायला वेळ देऊ शकत नाही. पदे भरणे हा प्रशासनाचा विषय आहे आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांनी ती जागा भरून निघत नाही. दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे मात्रा मोजून ताडून पाहण्याचा नियम हेपॅरिनसारख्या (रक्त गोठू न देणाऱ्या) औषधाला लावावा, हे बरोबरच आहे, कारण पाच मिलिलिटरच्या व्हायलमध्ये ५,००० युनिटही येतात आणि २५,००० युनिटही. पण पाळीला परिचारिका एकच असेल, तर दुसरी सही नंतर घेतली जाते. चर्चेत मुली हे सांगतात तेव्हा मी त्यांना गप्प करत नाही. ते लिहून घेते आणि मेट्रनपर्यंत पोहोचवते.

याच कारणाने मला वॉर्डातच घेतलेले सिम्युलेशन अधिक उपयोगी वाटू लागले आहे. पाळी बदलण्याच्या आधी, खऱ्या ट्रॉलीवर, खऱ्या कपाटासमोर, प्रत्यक्ष ड्युटीवरच्या परिचारिकांबरोबर दहा मिनिटांचा प्रसंग घेतला तर माणसांबरोबर जागेचीही तपासणी होते. कॅल्शियम ग्लुकोनेट नेमके कुठल्या कप्प्यात आहे आणि ते मिळायला किती वेळ लागतो, डोपामाइन आणि डोब्युटामाइन ही सारख्या नावांची वेगळी औषधे शेजारी-शेजारी का ठेवली आहेत, पोटॅशियमची अँपूल कुलपात का नाहीत, हे प्रश्न तिथे आपोआप निघतात आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात कप्पे बदलले जातात. अशा सत्राला महाग मॅनिकिन लागत नाही. उशी, पायजमा आणि नीट लिहिलेली ट्रीटमेंट शीट पुरते.

मात्र वॉर्डात सराव नेताना एका गोष्टीबाबत तडजोड करू नये. अमेरिकेत २०१४ च्या अखेरीस प्रशिक्षणासाठी बनवलेल्या, निर्जंतुक नसलेल्या सलाईनच्या पिशव्या दवाखान्यांत खऱ्या सलाईन म्हणून पोहोचल्या आणि ४० हून अधिक रुग्णांना लावल्या गेल्या. अनेक जण आजारी पडले आणि एका मृत्यूचा संबंध त्याच्याशी जोडला गेला. म्हणून सरावाच्या प्रत्येक अँपूल, व्हायल आणि बाटलीवर आम्ही लाल पट्टी आणि 'फक्त सरावासाठी' अशी मोठी अक्षरे लावतो, त्यामुळे प्रसंगाचा हुबेहूबपणा थोडा कमी झाला तरी चालेल. मुदत संपलेली खरी औषधे सरावाला वापरत नाही. सामान वॉर्डात नेताना एकीने मोजायचे, परत आणताना दुसरीने मोजायचे, आणि दोन्ही आकडे वहीत जुळल्याशिवाय कुणी वॉर्ड सोडायचा नाही.